काय करत न्हाई, ते बी लिहा

आमचे आप्पा कुणाचीही ओळख करून देताना दोन वाक्यं बोलतात. माणूस काय करतो, आणि काय करत नाही.

शिरूरला त्यांच्या घरी भाड्यानं राहायला आलो, त्याच दिवशी त्यांनी शेजारच्या मामींना माझी ओळख करून दिली. "हा गजानन. किनवटकडचा. कारखान्यात खोकी बांधतो. घोरत न्हाई." मी घोरत नाही हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. तेव्हापासून मी झोपायलाच घाबरतो.

एकदा एक पाहुणे आप्पांच्या भाचीसाठी स्थळ घेऊन आले. आप्पांनी मुलाची माहिती दोनदा वाचली आणि विचारलं, "ह्यात मुलगा काय करत न्हाई, ते कुठं लिवलंय?" पाहुणे चहा न घेताच उठले.

आप्पांची नोकरी दौंडला रेल्वेच्या सिग्नल दुरुस्तीत झाली. आता ते पॅकेजची वर्णनं लिहितात. हे ऐकून मी खूश झालो. म्हटलं, "आमच्याकडे पण लिहितात. ही बाजू वर, ओलं होऊ देऊ नका."

आप्पांनी टाळीच दिली. "ह्येच! आक्षी ह्येच!"

त्यांची पॅकेजं मात्र कॉम्प्युटरमधली. जगभरातले लोक प्रोग्राम बनवतात आणि सगळ्यांना वापरायला मोकळे ठेवतात. घेणाऱ्याला नावाखाली दोन-तीन ओळी दिसतात, हा प्रोग्राम कशासाठी म्हणून. चोरी, घुसखोरी यांपासून राखण करणाऱ्या प्रोग्रामच्या या ओळी आप्पा मराठीत लिहितात. पैसे मिळत नाहीत. 'सुरक्षित' हा शब्द ते कधी वापरत नाहीत. म्हणतात, "त्यो शब्द बाजारातल्या 'गावरान'सारखा हाय. समद्याच टोपलीवर लावत्यात."

लिहिलेली ओळ आधी मला ऐकवायची, हा नियम. मी सातवीत शाळा सोडलेली. मामींना ते अभिमानानं सांगायचे, "ह्याला काय कळत न्हाई, म्हणून तर ठेवलाय!"

एका प्रोग्रामचं जुनं वर्णन होतं, 'प्रणालीच्या अखंडतेचे सर्वंकष संरक्षण.' मी विचारलं, "म्हणजे चोराला धरतं?"

"न्हाई."

"हाकलतं?"

"न्हाई रं. फायलीत कुणी हात घालून गेलं, तर सांगतं."

"मग ते दारातलं ओलं सारवण झालं की, आप्पा. पाऊल उमटतं, अडवत नाही."

आप्पांनी जुनी ओळ खोडली. मग लिहिलं, 'फाइल कुणी बदलली तर कळवतो. बदलण्यापासून रोखत नाही.' त्या दिवशी जेवताना माझ्या ताटात पिठलं वाढतच गेलं.

पण तिथूनच माझी काळजी सुरू झाली. मला कळायला लागलं होतं. आधीच्या खोलीत आम्ही कामगार पाळीपाळीनं झोपायचो. इथं खिडकी होती, जेवायला सोबत होती. कळत नाही म्हणून ठेवलेला माणूस कळायला लागल्यावर कशाला ठेवतील? म्हणून मी डोकं खाजवून म्हणायला लागलो, "नाही कळलं, आप्पा." ते पुन्हा लिहायचे, पुन्हा वाचायचे.

परवा रविवारी दुपारी त्यांनी फायलींना कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामची ओळ वाचली. 'पासवर्ड विसरलात तर फाइल कुणालाच उघडता येणार नाही. आम्हालाही नाही.'

"नाही कळलं, आप्पा."

आप्पांनी चष्मा काढला. "गजा, ह्यात न कळण्याजोगं काय हाय?"

माझे कान तापले. "कळतंय," मी म्हणालो. "लई दिवसांपासून कळतंय. पण तसं सांगितलं तर तुम्ही मला जा म्हणाल, म्हणून…"

मला वाटलं, आता ओरडतील. ते भिंतीवरच्या बायकोच्या, मालनकाकूंच्या, फोटोकडे बघत होते. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. घरात दुसरं कुणी नाही.

"मालन बी असंच करायची," ते म्हणाले. "कामावरनं आलो की मी तिला सिग्नलचं सांगत बसायचो. ती आपली, 'न्हाई कळलं, परत सांगा.' मला वाटायचं, बाई जरा मठ्ठच हाय. आन् एकदा भिंतीआडनं ऐकलं, तर शेजारणीला तीच समदं समजावून देत होती. माझ्यापेक्षा सोपं करून."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? परत सांगत राह्यलो."

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"कळलं?"

"नाही कळलं, आप्पा."

"बरं," आप्पा खुर्ची माझ्याकडे ओढत म्हणाले, "परत ऐक."