एका दाताला एक ओळ

वसंतअण्णा कोणाच्याही घरी गेले की आधी माऊसचं चाक फिरवून बघतात. चहा नंतर. बंगळूरला बनशंकरीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, त्याच दिवशी ते वर आले. माझं नाव-गाव न विचारता टेबलापाशी गेले, चाक एक खटका फिरवलं आणि म्हणाले, "एका दाताला पाच ओळी! अगं, तू वाचतेस की पळतेस?"

दात म्हणजे चाकाचा एक खटका. अण्णांची नोकरीची सगळी वर्षं सरकारी कारखान्यात लेथ चालवण्यात गेली, त्यामुळे फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला ते दात मोजूनच ओळखतात. मी पुण्याची, आयटीतली, आणि मुळात घाईची. लिफ्टचं बटण दोनदा दाबणाऱ्यांपैकी. आमचं जमणं कठीणच होतं.

त्यांनी ब्राउझरच्या पोटातलं ते पान शोधून काढलं होतं, जे उघडतानाच 'सांभाळून' अशी ताकीद मिळते. चाक फिरवल्यावर पान किती सरकावं, किती वेळात सरकावं, असले आकडे तिथे असतात. ते बदलत त्यांनी कित्येक महिने घालवले होते. "पान उडता कामा नये, घसरता कामा नये. सरकलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. दुसरा नियम, स्क्रीनला बोट लावायचं नाही. इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने एकदा बोट टेकवून काहीतरी दाखवलं, तर अण्णांनी चष्म्याच्या डबीतलं मऊ कापड काढून त्याच्यासमोरच तो डाग पुसला. बिचारा पाणीही न पिता गेला.

घरात अण्णा आणि त्यांची मोठी बहीण, अक्का. दोघंच. मागच्या वर्षी अक्कांना पक्षाघात झाला. हातपाय बरेच सावरले, बोलणं मात्र अडखळायला लागलं. रोज मोठ्याने वाचायला लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इथे दारात मराठी वर्तमानपत्र कुठून येणार? म्हणून रोज चार वाजता अण्णा ते स्क्रीनवर उघडत, चाक स्वतः फिरवत आणि अक्का वाचत. हे सगळं मला माहीत होतं. चाकाच्या वेडाचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी वर्तमानपत्राचं पान उघडेना. "स्वल्प बघतेस का? मी अक्काच्या गोळ्या घेऊन येतो," असं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणून अण्णा बाहेर पडले. मी दोन मिनिटं खटपट केली, मग घाई झाली. ब्राउझर नव्यासारखा करून देणारं एक बटण असतं, ते दाबलं. पान झटकन उघडलं. मी स्वतःवरच खूश.

साडेतीनला अण्णा आले. सवयीने चाकावर बोट गेलं आणि पान सर्रकन खाली पळालं. "काय केलंस?"

"साफ केला, अण्णा. सगळं पहिल्यासारखं झालं."

"पहिल्यासारखं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग हळू आवाजात सांगू लागले. मागे एकदा ब्राउझर आपोआप बदलला आणि पान असंच पळालं होतं. अक्कांची ओळ हरवली. त्या इतक्या खजील झाल्या, की आठ दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही.

मी ते आकड्यांचं पान उघडलं. "आकडे कुठे लिहून ठेवलेत?"

अण्णांनी माऊस उलटा केला. कारखान्यातली सवय, मशीनचे आकडे मशीनवरच. माऊसच्या पोटाला कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं. इतके महिने टेबलावर घासून त्यातला पहिला तीन तेवढा उरला होता. पुढे नुसता काळा फराटा. एरवी मी पोट धरून हसले असते.

आम्ही तिशीतले आकडे घालून बघायला लागलो. एकतीसला पान रांगायचं, छत्तीसला ओळ अर्धी कापली जायची. "स्वल्प कमी कर... नको, स्वल्प वाढव." आतून काठीचा आवाज आला. चार वाजले होते. घाईघाईने अडतीस ठेवलं.

अक्का खुर्चीत बसल्या. "शहरात... पाणी... पुरवठा..." अण्णांनी एक दात फिरवला. ओळ वर गेली, अक्कांची नजर जुन्याच जागी राहिली. तोंड उघडं, शब्द नाही. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. ओठ मिटत चालले. हे मी केलं होतं, माझ्या दोन मिनिटांच्या घाईने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांनी माऊस माझ्याकडे ढकलला. "तू फिरव." आणि आपली तर्जनी स्क्रीनवर, त्या ओळीखाली, चांगली दाबून टेकवली.

"अक्का, इथे."

अक्कांनी मान वर केली. त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग, "विस्... कळीत," त्या म्हणाल्या. मी हळूच एक दात फिरवला. ओळ वर सरकली, तिच्याबरोबर बोटही. अक्कांची नजर बोटामागून गेली. पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला. बोट हललं नाही.

अख्खी बातमी वाचून झाली. अक्का दमून आत गेल्या, तशी मी विचारलं, "अण्णा, हे कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात! माझी शाळा कन्नड. मराठी तिने शिकवलं मला, घरी. असंच ओळीखाली बोट ठेवायची. मी रडायचो, अडायचो, पण माझं वाचून होईपर्यंत तिचं बोट कधी पुढे गेलं नाही." ते चाकाकडे बघत राहिले. "तेच बोट या चाकात आणायला बघत होतो गं इतके दिवस."

काहीतरी करायचं म्हणून मी चष्म्याच्या डबीतलं मऊ कापड घेतलं. खालपासून वरपर्यंत स्क्रीनवर बोटांचे डाग पडले होते. अण्णांनी माझ्या हातातून कापड काढून घेतलं, त्याची नीट घडी केली आणि परत डबीत ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले, "उद्या परत तिथेच बोट लावायचंय."