साळवे काकांचं हसरं अक्षर

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणी वारल्याची बातमी आली, तरी ती आधी वाढदिवसाचं आमंत्रण वाटते. कारण ती साळवे काकांनी टाकलेली असते.

तिसऱ्या मजल्यावरचे साळवे काका सरकारी ऑफिसात नकाशे काढून निवृत्त झाले. जन्मभर पट्टी लावून सरळ रेघा मारल्या, त्याचा सूड आता पुंडलिकनगरातल्या आम्हा निरपराध माणसांवर उगवतायत. त्यांना मोबाइलवर एक फॉन्ट सापडलाय. एखाद्या पोरानं जाड मार्करनं भिंतीवर काढावीत तशी अक्षरं. एक वर उडालेलं, दुसरं खाली लोळलेलं, वेलांट्यांना शेपट्या. काका सगळं त्यातच लिहितात. लिफ्ट बंद, त्यात. मेंटेनन्स भरा, त्यात. तळमजल्यावरच्या आजींच्या दहाव्याची वेळसुद्धा त्यातच, वर गुलाबी रंगात. मी सेक्रेटरी. हात जोडून सांगून पाहिलं, तर म्हणाले, "साधं अक्षर लई उदास दिसतं, साहेब. अक्षर कसं हसलं पाहिजे."

इथवर मी सोसलं. पण आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी येतं आणि वेळेवर मोटर लावील त्याचीच टाकी भरते. पाणी सोडणाऱ्या माणसाशी काकांची दोस्ती, म्हणून वेळ कळवायचं काम त्यांच्याकडे. गेल्या खेपेला त्यांनी ती त्याच फॉन्टात, फुग्यांच्या चित्रावर टाकली. निम्म्या लोकांनी न वाचताच 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं आणि कामाला निघून गेले. टाक्या कोरड्या राहिल्या. टँकर मागवावा लागला आणि बायकांची बोलणी मी खाल्ली.

तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. उभ्याउभ्याच मी त्यांना सुनवायला लागलो. लोकांच्या घरात प्यायला पाणी नाही, आणि तुमचं अक्षर हसतंय. साध्या अक्षरात टाकायला तुमचं काय जातं?

काकांनी आधी चहाचं आधण ठेवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमच्या काकू गेल्यावर आधी साध्याच अक्षरात टाकायचो. लोकं वाचायचे, खाली अंगठा टाकायचे, झालं. यातलं नीट वाचता येत नाय ना, म्हणून कुणीतरी विचारायला वर येतं. त्या पाण्याच्या दिवशी चहा करून बसलो, तर कुणीच आलं नाय. मला वाटलं, समजलं असंल सगळ्यांना."

माझा राग कुठल्या कुठं गेला. फार वाईट वाटलं. बसलो, चहा घेतला, पाण्याचा विषय पुन्हा काढलाच नाही.

परवा काकांची नवी सूचना आली. अक्षरं तशीच नाचरी. डोळे बारीक करून मी वेळ वाचली, दारोदार जाऊन सगळ्यांना तोंडी सांगितली. मग तिसरा मजला चढलो आणि दारातूनच विचारलं, "काका, पाणी किती वाजता येणार आहे?"