पायऱ्या मोजणाऱ्या गौराक्का

पहिल्या भेटीत गौराक्का तुमचं नाव, गाव, नोकरी यातलं काहीही विचारत नाहीत. त्या विचारतात, "घरास किती पायऱ्या?"

मी चेन्नईला बदलून आलो आणि तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. मी म्हणालो, सांगलीला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. "तें नव्हे रे. रस्त्यापासून खालच्या दारापर्यंत किती?" तीन, म्हटलं. "आणि पूर्वीं?" आता हे कोणा माणसाला पाठ असतं? शेवटी तिथूनच वडिलांना फोन लावला. वडील बिचारे गोंधळले, पण पाच म्हणाले. "पाहिलेंस? दोन गिळल्या," गौराक्का समाधानाने म्हणाल्या, आणि माझं ओळखपत्रही न बघता किल्ली हातात दिली. तेव्हापासून त्या मला 'सांगली' म्हणतात. माझं नाव त्यांना अजून माहीत आहे की नाही, याची मला खात्री नाही.

गिळल्या म्हणजे रस्त्याने गिळल्या. जुना रस्ता न खरवडता त्याच्यावरच डांबराचा नवा थर घातला, की रस्ता चार बोटं वर येतो आणि घर तेवढंच खाली जातं. असं दर काही वर्षांनी होत राहतं. रस्ता दिसतो झकास, पण पावसात पाणी गटाराकडे जायचं सोडून थेट घरात शिरतं. गौराक्कांच्या घराला मुळात सहा पायऱ्या होत्या. मी राहायला आलो तेव्हा एक उरली होती, तीही अर्धी. त्यांना आयुष्यातली एकही तारीख धड आठवत नाही, पायऱ्या मात्र सगळ्या आठवतात. "मी नवरी होऊन आलें तेव्हां सहा. रघू झाला तेव्हां पांच. सासूबाई चार असतांना गेल्या. हे गेले तेव्हां दोन."

गौराक्का तंजावूरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे आले आणि येताना जी मराठी आणली तीच अजून घरात चालते, तमिळ हेल काढून. एकदा मी तोऱ्यात त्यांचा एक शब्द सुधारायला गेलो. त्या म्हणाल्या, "तुमचें मराठी नवें. खराब म्हणत नाहीं हां. पण नवें." पुन्हा मी त्या भानगडीत पडलो नाही.

सकाळी सहाच्या आत आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका दारात सडा घालतात आणि वाकून कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढतात. गौराक्का सडा घालतात आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. पाणी कुठे जातंय ते त्यांना बघायचं असतं. मग त्या पाण्यामागून चालायला लागतात. नळाजवळून, मॅन्शन नावाच्या लॉजच्या दारावरून, दात घासत उभ्या असलेल्या बॅचलर मंडळींच्या मधून, ओघळ जिथे थांबेल तिथपर्यंत. तिथे खडूने फुली मारतात आणि परत येऊन कॉफी करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी हरवलंय. मीही मागोमाग जाऊन शोधायला लागलो होतो.

वेड आहे खरं, पण त्याला बूड आहे. गौराक्का एका सरकारी इंजिनिअरिंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे, एवढंच ट्रेसरचं काम. सगळी नोकरी त्यांनी टेबलावर वाकून काढली. या भागातली गटारं, नाले, चेंबरं त्यांच्या हाताखालून गेली आहेत आणि ती त्यांना अजून तोंडपाठ आहेत. चूक दिसली तरी सांगायची सोय नव्हती. "उतरव म्हणाले, उतरवलें," त्या म्हणतात.

निवृत्त झाल्यावर लोकांनी त्यांना वॉर्ड कमिटीवर धाडलं. पाणी, गटारं आणि रस्ते यांची कामं या कमिटीपुढे येतात. दर मंगळवारी मीटिंग. गौराक्का कापडी पिशवीत उतार मोजायची लेव्हलची बाटली, खडू आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन जातात. मागच्या बाकांवर कोणालाही बसता येतं, म्हणून मीही एकदा गंमत बघायला गेलो आणि पुढे सवयच लागली. मी सांगलीचा आहे. पुराच्या बाबतीत कोणी मला शिकवावं, हे मला खपत नाही. पण त्या खोलीत मी मुकाट्याने शिकलो.

वॉर्डाचे इंजिनिअर सेल्वम हे भरघोस मिशांचे आणि भरघोस आत्मविश्वासाचे गृहस्थ. एकदा त्यांनी पडद्यावर रंगीत चित्र दाखवलं: नवा रस्ता, त्याचा उतार, उताराच्या टोकाला गटार. सगळ्यांनी माना डोलावल्या. गौराक्का उठल्या. "सरी," म्हणजे ठीक आहे, "पाण्यास विचारूं." नगरसेवकांसकट अख्खी कमिटी त्यांनी उन्हात त्या रस्त्यावर नेली आणि तांब्या ओतला. पाणी गटाराकडे दोन हात गेलं, विचारात पडल्यासारखं थबकलं आणि वळून नगरसेवकांच्या चपलेखाली आलं. त्या दिवशी ठराव झाला: या वॉर्डात आधी रस्ता खरवडायचा, मगच नवा थर घालायचा. सेल्वमनी तेव्हापासून पडदा आणणं सोडलं. चित्र हातात घेऊन आधी आमच्या घरी येतात, कॉफी पितात आणि विचारतात, "अक्का, हे चालेल का?"

रघू म्हणजे गौराक्कांचा एकुलता मुलगा. सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिकडेच चौदाव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला आहे. लागोपाठ दोन वर्षं आईच्या घरात पाणी आलं, आणि दोन्ही वर्षी हा कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. तेव्हा त्याने आईकडून शब्द घेतला. यंदा उंबऱ्याच्या आत पाणी आलं, तर घर बंद करायचं आणि सिरुसेरीला राहायला यायचं. गौराक्कांनी बिनधास्त शब्द दिला. इकडचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो, आणि त्याआधी आमची गल्ली खरवडली जाणार, असं तेव्हा ठरल्यातच जमा होतं.

आणि मग ऑक्टोबरच्या तोंडावर मीटिंगमध्ये सेल्वमनी सांगितलं, की खरवडायचं मशीन पावसाआधी एकाच गल्लीपुरतं मिळणार आहे. आमची किंवा मागची. राहिलेली पोंगलनंतर, म्हणजे पाऊस संपल्यावर. नगरसेवक म्हणाले, "यात विचारायचं काय? हे सगळं अक्कांनी करून घेतलं. अक्कांची गल्ली आधी." पटापट हात वर झाले. मागच्या बाकावर मला हात वर करायचा अधिकार नव्हता, तरी मीही केला.

गौराक्का उभ्या राहिल्या. "थांबा." पिशवीतून मापांचा कागद काढला आणि वाचून दाखवला. मागची गल्ली आमच्यापेक्षा चार बोटं खाली आहे. नऊ घरं आणि एक बालवाडी. पाणी आधी तिकडेच जातं आणि तिथून बाहेर पडत नाही. "मशीन तिकडे जाऊं दे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. हात खाली आले आणि मागच्या गल्लीसाठी पुन्हा वर गेले.

परत येताना मी चिडलो होतो. "अक्का, रघूला दिलेल्या शब्दाचं काय?"

"आहे की लक्षांत."

"मग?"

"चार बोटें खालीं आहे रे ती गल्ली. मी काय करूं?" आणि त्या कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवर वांगी निवडायला लागल्या.

मागची गल्ली खरवडली, तेव्हा घरांसमोरच्या गाडल्या गेलेल्या पायऱ्या बाहेर आल्या. कुठे दोन, कुठे तीन. लोकांनी त्या घासून धुतल्या. बायका खालच्या पायरीवर कोलम काढायला लागल्या. गौराक्का रोज सकाळी एक चक्कर मारून पायऱ्या मोजून यायच्या. कमी होण्याची भीती नव्हती, तरी मोजायच्या. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा आणि रागही तेवढाच यायचा.

पाऊस यायचा तेव्हा आला. सलग तीन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरलो, तर खाली घरात घोट्याच्या वर पाणी. भांडी, गाद्या, कागद सगळं आदल्या दिवशीच माळ्यावर गेलेलं. गौराक्का पाय वर घेऊन खाटेवर बसल्या होत्या आणि वहीत वेळ आणि पाण्याची उंची लिहीत होत्या.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "सांगली, मागच्या गल्लींत जाऊन ये. कोणाच्या उंबऱ्याआंत आहे कां, पाहा."

जाऊन आलो. कोणाच्याच नव्हतं. बालवाडीची फरशी कोरडी होती आणि पाणी खळखळत गटारात जात होतं. एक आजी पायरीवर बसून ते बघत होती. गौराक्कांनी हेही वहीत लिहिलं, दोनदा वाचलं आणि वही मिटली. "आतां रघूस फोन लाव."

"नका सांगू त्याला," मी म्हणालो. "दुपारपर्यंत मी सगळं उपसून टाकतो. त्याला पत्ताही लागणार नाही."

"आणि वहींत लिहिलें त्याचें काय?"

मी झाडू घेतला आणि पाणी ढकलायला लागलो. ढकलता ढकलता बडबडत होतो, की इतकं कोणी इतरांसाठी करू नये, तिकडे छान मोकळं घर आहे, वारा आहे, सुखाने राहाल.

"घर चांगलेंच आहे रे," गौराक्का म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "सून चांगली, पाणी येणें नाहीं. पण तिकडे मला कोण कांहीं विचारील? सगळी नोकरी झाली, कोणी विचारलें नाहीं. आतां विचारायला लागले होते."

मी झाडू थांबवला नाही. थांबवला असता, तर मला रडू आलं असतं.

दहा वाजता रघू आला. गल्लीत वीज नव्हती, म्हणून मीही लॅपटॉप उचलून त्याच्या गाडीत बसलो. माझं ऑफिस पेरुंगुडीला, त्याच्या वाटेवरच. गौराक्का पुढे बसल्या, मांडीवर पिशवी. "मशीन दुसरीकडे गेलें. कमिटीनें ठरवलें," त्यांनी मुलाला सांगितलं.

माझ्याच्याने राहवलं नाही. "कमिटीने नाही. ह्यांनी. सगळे हात आपल्या गल्लीसाठी वर होते."

"सांगली, गप्प बैस."

रघूने गाडी काढली. गाडी कोपऱ्यावर येते तोच गौराक्कांचा फोन वाजला. सेल्वम होते. बस डेपोजवळच्या रस्त्यावर दोन तास पंप चालू होता आणि पाणी इंचभर उतरत नव्हतं. गौराक्का ताठ बसल्या. "पंप बंद कर आधीं. ओतलेलें पाणी फिरून तुझ्याकडेच येतें. चहाच्या दुकानासमोर जुना नाला आहे, फरशीखालीं. दुकानासमोर. मागें नव्हे. मी उतरवलाय तो." पलीकडून सेल्वमचा पडेल आवाज: "अक्का, येता का?"

"मी आतां मुलाकडे," असं त्या म्हणेपर्यंत रघूने गाडी वळवली होती.

गुडघाभर पाण्यात साडी खोचून गौराक्का उभ्या राहिल्या. नगरसेवक, सेल्वम, कामगार, सगळे त्या बोट दाखवतील तिकडे बघत होते. दोन फरशा काढल्या. तिसरी उचलल्याबरोबर पाण्याने गिरकी घेतली आणि ते आत जायला लागलं. रघू आईवर छत्री धरून उभा होता आणि स्वतः चिंब भिजला होता. त्याने हळूच मला विचारलं, "अम्मा रोज अशीच असते?"

"रोज," मी म्हणालो. मी काहीच केलं नव्हतं, पण छाती माझी फुगली होती.

पुन्हा गाडीत बसलो. अड्यारचा पूल ओलांडला. रघू आईशी एरवी तमिळमध्ये बोलतो. पण आता तो अडखळत मराठीत म्हणाला, "अम्मा, मीटिंग केव्हां असते?"

"मंगळवारीं."

"मग चार दिवस रहा. फरशी वाळूं दे. सोमवारीं आणून सोडतों."

गौराक्का खिडकीकडे वळल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि मीटिंगमधल्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारीं नको. रविवारीं सोड. आधीं कागद वाचायचे असतात."