बोळात अडकलेली मगर

लेकीच्या लग्नाच्या दिवशीच सानिपबाबांच्या बोळात मगर अडकली. मगर पावाची होती, पण माणसाएवढी लांब. जाकार्तातल्या अस्सल बेतावी, म्हणजे मूळ रहिवाशांच्या घरात नवऱ्या मुलाने अशी मगर आणल्याशिवाय लग्न लागत नाही आणि ती वाटेत मोडली तर संसारच मोडला म्हणून समजायचं. एरवी हातभर मगर चालते. पण जावई पडला मध्य जावाकडच्या खेड्यातला, म्हणजे उपरा. त्याला त्याची पायरी कळावी म्हणून बाबांनीच एवढी मोठी मागितली होती.

"अरे, वळवा ना हळूहळू!"

"कुठं वळवू, बाबा?" नवरदेव त्रिस्नो घामाघूम झाला होता. "तोंड या भिंतीला, शेपूट त्या भिंतीला!"

"आमच्या वेळी इथनं बैलगाडी जायची. या उपऱ्यांनी भिंती घातल्या!"

"आणि त्यांना जमीन कुणी विकली?" दारातून बाबांची बायको कडाडली.

बाबांनी शेपटीला हात घातला. एके काळी इथली सगळी फळबाग त्यांची होती. एक तुकडा हजला जाताना गेला, एक थोरल्याच्या मोटारसायकलपायी, आणि एक कशात गेला ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. उरलं बोळाच्या टोकाचं घर आणि तोंडातलं एक वाक्य. नवा माणूस दिसला की ते विचारायचे, "माझी नाळ या मातीत पुरलीय. तुझी कुठंय?"

ऊन चढलं. मगरीच्या शेपटीला चीर गेली. आत नवरी रोगाया हुंदके देऊ लागली. "बाबा, मोडली तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी!"

आता एकच वाट होती. वळणावरच्या तुमिनीच्या पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. तुमिनी मध्य जावातल्या वोनोसोबोची, म्हणजे उपरीच. नाळेचा प्रश्न तिने सगळ्यांत जास्त वेळा ऐकला होता.

"तुमिनीबाई, जरा वाट द्या."

"कोण पाहिजे? कुठले आपण?"

"थट्टा नको गं बाई. हात जोडतो."

"या. चपला बाहेर काढा."

मगर तिच्या स्वयंपाकघरातून निघाली. शेपूट धरून बाबा अनवाणी मागे. मागच्या दाराशी त्यांना जुन्या विहिरीचा कठडा दिसला आणि पाय थबकले.

"विहिरीच्या अंगाला जांभळाचं झाड होतं," ते पुटपुटले. त्या झाडाखालची, नाळ पुरलेली जागा आईने त्यांना शंभरदा दाखवली होती.

"होतं की. आता तिथं संडास आहे. जायचंय का?"

बाबांनी नकाराची मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले.

"खणताना गाडगं निघालं होतं एक," तुमिनी म्हणाली. "कुणाच्या तरी नाळेचं असणार. टाकवेना हो. गावी नेलं आणि आमच्या अंगणात पुरलं. दिवापण लावला."

मगर धड पोचली. निकाह लागला. रोगाया हसली, सगळे हसले. जेवताना त्रिस्नोच्या म्हाताऱ्या काकांनी अदबीने विचारलं, "बाबा, आपण मूळचे इथलेच ना?"

बाबांनी मगरीच्या चिरलेल्या शेपटीवरून हात फिरवला.

"नाही," ते म्हणाले. "वोनोसोबोकडचा."