रामचंद्र शेटचं तिप्पट इन्सुलिन

"साखरेचा आजार? मला? अगं पुतळे, हे पोट बघ! आजारी माणसाचं पोट असं असतंय व्हय?" असं म्हणून रामचंद्र शेटनं पोटावर अशी थाप मारली, की गल्ल्यावरचं मांजर उठून बाहेर गेलं.

रामनगरच्या बाजारात त्याचं तांदूळ-गुळाचं दुकान होतं. उळवीच्या जत्रेला निघालेले लोक दुकानापुढं गाड्या थांबवायचे, त्यातले निम्मे गूळ घ्यायला आणि निम्मे आपलं पोट बघायला, असं तो स्वतःच सांगायचा. बायको पुतळी अंगानं तशीच भरलेली, पण तिचा सगळा जीव नवऱ्याच्या ताटात. तिसरी पोळी ती हळूच उचलून आत न्यायची. दुसरा लाडू तर त्यानं हात लावायच्या आत गायब! उगाच नव्हे. तिचा धाकटा भाऊ परशू खानापुरात असायचा. त्याला साखरेचा आजार होता, आणि गेल्या साली त्याच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं. तेव्हापासून पुतळीनं धसकाच घेतला होता.

अशात बेळगावहून एक तरुण डॉक्टरीणबाई जीप घेऊन आल्या. जाड माणसाच्या आणि बारीक माणसाच्या रक्तात काय फरक असतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी टेबल मांडलं. पुतळी दुकानात येऊन उभी राहिली.

"चला, रगत द्या."

"देतो की! पण पैज लाव. माझ्यात खोट निघाली न्हाई, तर परत माझ्या ताटाला हात लावायचा न्हाई!"

"आणि निघाली तर?"

"तर तू वाढशील तेवढंच खाईन. जल्मभर!"

ऐन वेळी तो सुई बघून कचरला, तेव्हा पुतळीनं आधी स्वतःचा दंड पुढं केला आणि रक्त दिलं. मग त्याला पळायला जागाच राहिली नाही. जंगलातल्या नंदिगड्ड्याच्या वाडीतला झिलू त्या दिवशी मध घेऊन दुकानात आला होता. तो काडीसारखा बारीक. बाईंनी त्यालाही बसवलं.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या जीपचा ड्रायव्हर म्हादू गूळ न्यायला आला. "शेट, बाई शुक्रवारी येऊन सगळं समजावणार हायत. पण माझ्या कानावर एक आलंय. तुमचं इन्सुलिन झिलूच्या तिप्पट निघालंय!"

"तिप्पट?" रामचंद्र ताडकन उठला. इन्सुलिन म्हणजे काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. परशू तेच तर रोज टोचून घ्यायचा! बेळगावहून इवल्याशा बाटल्या आणायचा आणि ओल्या फडक्यात बाळासारख्या जपायचा. आणि तेच इन्सुलिन इथं घरच्या घरी, फुकट, तिप्पट!

"पुतळे! हरलीस गं हरलीस! लाडवाचा डबा आण हिकडं!"

डॉक्टरांच्या तपासणीतच निघालं म्हटल्यावर पुतळीला पैज मानावीच लागली. तिनं डबा आणून दिला. रामचंद्रानं आचारी बोलावला, बुंदी पाडली आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली. मग त्याला झिलूची दया आली.

"अरारा! गरिबाच्या अंगात इन्सुलिनच न्हाई! कसा जगायचा तो?" त्यानं तुपाचा डबा आणि गुळाची ढेप नंदिगड्ड्याला धाडली, वर निरोप, "रोज खा, घाबरू नको."

घाबरू नको म्हटल्यावर माणूस घाबरणारच! झिलूची बायको फुला छाती पिटत सगळ्या वाडीला सांगत सुटली. वाडीनं झिलूला घोंगड्यावर झोपवलं आणि वाटीवाटीनं तूप पाजलं. जंगलात दिवसभर न थकणारा माणूस, त्या तुपानं पार आडवा झाला!

शुक्रवारी दुपारी परशू खानापूरहून लंगडत आला.

"दाजी, खरं हाय व्हय?"

"तिप्पट!"

"मग मला वाईच द्या की. रोज टोचून टोचून मांडीची चाळण झालीया बघा." परशूचे डोळे भरून आले.

पुतळीला एकदम सुचलं. "अवो, विरजणासारखं! शेजारीण मागती, आपण चमचाभर देतो, आणि तिच्या भांड्यात आपलं आपण दही लागतंय. तसं ह्याच्या अंगात लागंल की!"

"खरं हाय," रामचंद्र म्हणाला. "विरजणाला कुणी न्हाई म्हणू ने!"

"पण लवकर आटपा! दिवे लागल्यावर विरजण उंबऱ्याबाहेर देत न्हाईत."

झालं! परशूची काचेची सिरिंज चुलीवर उकळायला पडली. रामचंद्र बाकड्यावर आडवा झाला, बाही वर सारली आणि दात्याच्या तोऱ्यात डोळे मिटले. बाजार गोळा झाला. फुलाही झिलूला धरून वाटी घेऊन हजर, आणि झिलूच्या हातात तुपाची वाटी होतीच!

"शेट, उरलं तर आमच्यात बी घाला वो!"

परशूनं सुई उचलली, तोच बाहेर जीप थांबली.

"अहो, हे काय चाललंय?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "ठेवा ती सुई खाली!"

"इन्सुलिन देतोय, बाई. आमच्याकडं जास्तीचं हाय न्हवं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "शेट, समजा झिलूचा बैल एका हाकेत चालतो. तुमच्या बैलाला तीन हाका माराव्या लागतात. म्हणून तुमचा बैल चांगला का?"

"न्हाई..."

"इन्सुलिन ही हाक आहे. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. ती रक्तातून आपले निरोप धाडत असते. त्यानं अंग आडमुठं होतं आणि इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी ओरडतं, आणखी इन्सुलिन सोडतं. एक दिवस त्याचा घसा बसतो. ही साखरेच्या आजाराची सुरुवात आहे, शेट! झिलू ठणठणीत आहे."

सगळा बाजार शेटच्या पोटाकडं बघायला लागला. झिलू तेवढा बसल्या जागी ताठ झाला आणि त्यानं तुपाची वाटी फुलाच्या हातात दिली.

रामचंद्रानं वर सारलेली बाही खाली ओढली. परशूनं सुई फडक्यात गुंडाळली आणि आपल्या पायाच्या तुटक्या बोटाकडं बघत राहिला. पुतळी पैज जिंकली होती, पण तिला रडू आवरेना. "मी हरलेलीच बरी हुते वो," ती म्हणाली.

"रडू नका," बाई म्हणाल्या. "अजून वेळ गेलेली नाही. पोट उतरवा, चाला, अंग पुन्हा ऐकायला लागेल. पण पुतळीबाई, तुमचंही तेच करायला हवं. शेटचं तिप्पट आहे. तुमचं चौपट!"

"माझं?" पुतळीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "अवो बाई, मी ह्यांचा घास न् घास मोजते!"

रामचंद्र बाकड्यावर उठून बसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

"माझा मोजलास गं. पण माझ्या ताटातनं उचलून आत नेलास, तो कुणी मोजला?"