हत्ती मागं पाय घेत नाही

मी बी.ए. झालो याचं श्रेय खरं तर आईचं. पण आई म्हणते, आधी भय्याजींचं नाव घे. म्हणून घेतो. नागपूरच्या महाल भागातले भय्याजी सुभेदार, सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. यांच्याकडे मोटार होती आणि ती मागे जात नसे.

मोटारीत बिघाड नव्हता. भय्याजींनाच मागे जाणं मंजूर नव्हतं.

"हत्ती मागं पाय नाही घेत गा," ते म्हणायचे.

मधेच हा हत्ती कुठून आला, असं नवख्या माणसाला वाटेल. भोसल्यांच्या राज्यात भय्याजींच्या पणजोबांकडे म्हणे एक हत्ती होता. तो पाहिलेला माणूस हयात नव्हता. त्याचा साखळदंड तेवढा माळ्यावर आहे असं भय्याजी सांगत, पण माळ्यावर चढायला घरात शिडी नव्हती. हत्ती गेला तेव्हापासून मोटार येईपर्यंत या घराण्यात दुसरं वाहन झालं नाही. टांगा नाही, बैलगाडी नाही, सायकलसुद्धा नाही. कचेरीतले शिपाई सायकलवरून घंटी वाजवत पुढे निघून जात आणि भय्याजी छत्री टेकत पायी चालत. हत्तीवरून उतरलेल्या माणसानं सायकलवर काय बसायचं, हा त्यांचा सवाल होता. घराण्याची अब्रू राखण्यात त्यांच्या चपलांचे किती तळ गेले, ते मोहल्ल्यातल्या चांभाराला ठाऊक.

मग एक पाद्रीसाहेब विलायतेला परत जायला निघाले आणि आपली जुनी बेबी मोटार पाण्याच्या भावात देऊन गेले. तीत चार माणसं बसत असं म्हणत. ती चौघं एकमेकांवर फार जीव असलेली पाहिजेत. भय्याजी एकटे बसले तरी गाडी त्यांच्या बाजूला कलायची, जणू त्यांच्याशी काही खाजगी बोलायचं आहे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ओवाळायला आणलेलं तबक हातात तसंच धरून विचारलं, "हत्ती आला, पण सोंड कुठं राह्यली?"

त्या घरात मी कसा, तेही सांगायला हवं. आम्ही खाप्याचे विणकर. माझे वडील लुगडी घेऊन नागपूरला येत, तेव्हा काकूंच्या ओसरीवर त्यांचं गाठोडं सुटत असे. वडील गेले. मी मॅट्रिक झालो, तेव्हा आई मला घेऊन त्याच ओसरीवर आली. भय्याजींनी दारावरची खोली दिली आणि जेवण घरातच, असं सांगून टाकलं. आईनं त्यांच्यासमोरच मला बजावलं, "फुकटाचं खाऊ नको, बाबू. ज्या दिवशी फुकटाचं खाशीन, त्या दिवशी वापस ये. माग आपला हायेच."

भय्याजींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आयांची भाषा त्यांना परकी असावी असं मला वाटे. 

पहिलं वर्ष मी विहिरीचं पाणी भरलं आणि मान वर करून जेवलो. दुसऱ्या वर्षी अंगणात नळ आला. नळाचं सगळ्यांना कौतुक, मला मात्र घास उतरेना. दुसरं काम मागितलं तर काकू म्हणायच्या, अभ्यास कर. शेवटी एका संध्याकाळी मी ट्रंक भरली आणि सकाळी खाप्याला जातो म्हणून सांगायला गेलो. मोटार येऊन तेव्हा महिनाभर झाला होता. भय्याजी जेवत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, ताकाचा घोट घेतला आणि म्हणाले,

"सकाळी कसा जातो? सकाळी गाडी कोन ढकलन?"

मी विचारलं, कुठली गाडी.

"मले मागं घेता येत नाही. शिकूनही येनार नाही. रक्तातच नाही आमच्या. गल्ली बंद, वळाले जागा नाही. हत्तीले माहूत लागते गा. पगार नाही भेटनार. खोली आन् जेवन."

काकू भाकरी वाढता वाढता थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं आणि मग वाढली. मी ट्रंक उघडली.

त्यानंतर रोज सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गल्लीत तमाशा असे. भय्याजी टोपी घालून सुकाणूमागे ताठ बसायचे. मी गाडीच्या पुढे उभा राहून तिच्या नाकाला खांदा लावायचा आणि तिला उलटी ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. भय्याजी चुकूनही मागे पाहत नसत. मीच घाम पुसत ओरडायचो, डावीकडे, उजवीकडे, नाली आली. आश्चर्य म्हणजे चाक एकदाही नालीत गेलं नाही. हे सगळं माझ्या ओरडण्याचं कसब, असं मी समजत होतो.

समोरचा न्हावी रोज एकच प्रश्न विचारी, "भय्याजी, हत्ती उलटा काहून चालून राह्यला?"

"हत्ती नाही चालून राह्यला. माहूत ढकलून राह्यला. जबाबदारी त्याची."

बी.ए.च्या परीक्षेच्या दिवसांतही ही जबाबदारी सुटली नाही. उलट भोसल्यांच्या पदरीसुद्धा इंग्रजी शिकलेला माहूत नव्हता, असं ते कचेरीत सांगत.

पण खरा कहर पोळ्याला झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. जो आपल्यासाठी राबतो त्याचा पोळा, मग मोटारीनं काय घोडं मारलंय, असं म्हणून भय्याजी तुपाची वाटी घेऊन अंगणात उतरले. मोटारीचे खांदे कोणते यावर घरात बरीच चर्चा झाली. अखेर पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावर एकमत झालं. दुसऱ्या दिवशी बेगड चिकटवून, दिव्यांना गोंडे बांधून, टपावर काकूंचं जुनं लुगडं झूल म्हणून टाकून हत्ती मैदानात बैलांच्या रांगेत उभा राहिला. शेजारच्या बैलानं त्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. तोरण तुटलं. बैल वळून घरोघर निघाले. आमचा हत्ती मात्र सरळ गेला, भिंत येईपर्यंत. मग सगळ्या पोळ्यादेखत मी त्याला मागे ढकलत आणलं. मैदानात सजवलेली जनावरं पुष्कळ होती, पण त्या दिवशी जुंपलेला मी एकटाच.

पदवी मिळाली. चांद्याच्या शाळेत मास्तर म्हणून नेमणूक झाली. निघायच्या दिवशी काकूंनी डब्यात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, भरल्या आणि सहज विचारलं, आता गाडी कोण ढकलेल. भय्याजी म्हणाले, हत्ती म्हातारा झाला, घरीच बांधून ठेवीन.

गाडी शेवटची ढकलली आणि ते मला स्टेशनवर घेऊन गेले. स्टेशनाच्या आवारात त्यांनी गाडी तोंड पुढे करून थेट कठड्याला लावली. मी म्हटलं, थांबतो, आधी मागे काढून देतो. "तुह्या गाडीची वेळ झाली," ते म्हणाले, "हमाल हायेत." मी पाया पडलो. पाठीवर थाप मारायला उचललेला त्यांचा हात माझी कॉलर नीट करून परत गेला.

ट्रंक घेऊन मी पुलावर चढलो. मध्यावर थांबून खाली पाहिलं. मोटारीच्या दोन्ही अंगांना टांगे येऊन उभे राहिले होते. भय्याजींनी हमाल बोलावला नाही. त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतून मान बाहेर काढली आणि मोटार त्या दोन टांग्यांच्या मधून अशी अलगद मागे घेतली, की घोड्यानं कानसुद्धा हलवला नाही.

मग मला आठवलं. मी ट्रंक भरली त्याआधीचा महिनाभर गाडी रोज कचेरीत जात होती. गल्ली तेव्हाही बंदच होती.

भय्याजींनी मान वर करून पुलाकडे पाहिलं. मी ट्रंकेच्या आड खाली बसलो. त्यांनी मला पाहिलं नाही. मासिकं ते वाचत नाहीत, म्हणून हे इथे लिहायला हरकत नाही.

चांद्याहून त्यांना धाडलेलं पत्र असं:

"तीर्थरूप भय्याजींस शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. शाळा बरी आहे. खोली हवेशीर आहे, पण सकाळी दहाच्या सुमारास काय करावं ते कळत नाही. काकूंच्या वड्या दोन दिवस पुरल्या.

मी दिवाळीच्या सुट्टीत येतो. तोवर गाडी बाहेर काढू नये. परक्या माणसाला नालीचा अंदाज येणार नाही. माझी जागा दुसऱ्या कोणाला देऊ नये. आपल्याला मागे घेता येत नाही, याची इथे फार काळजी लागून राहते.

आपला माहूत,
किसन"