जोडाक्षरांवाचून भांडण

आईचा लेखक मुलगा मोरीत घसरला आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन बसला. त्याच आठवड्यात त्याच्या हाडवैऱ्याने, म्हणजे दुसऱ्या नामवंत लेखकाने, रविवारच्या पेपरात छापून आणलं होतं, "यांच्या कादंबऱ्या औषधाच्या दुकानात झोपेच्या गोळ्यांशेजारी ठेवाव्यात." दहा वर्षं दोघे पेपरातून एकमेकांची सालटी काढत होते. येत्या रविवारी उत्तर छापून आलं नाही, तर लेक हरला असं गावभर होणार होतं.

सूनबाई माहेरी. शेवटी लेकाने आईपुढेच कागद ठेवला.

आईची शाळा लहानपणीच सुटलेली, पण तोरा हेडमास्तरणीचा. "सांग. पण जोडाक्षरं नकोत. तिथवर मी पोचलेच नाही."

"लिही. हा दांभिक, निर्लज्ज वाङ्मयचौर्यकर्ता..."

"मेल्या, या शिव्या आहेत का औषधांची नावं? शेवटचं म्हणजे काय?"

"दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणून छापणारा."

"मग चोर म्हण की." तिने लिहिलं, 'हा चोर आहे.'

"याची प्रतिभा वंध्या..."

"म्हणजे?"

"डोक्यात नवं काही उगवत नाही गं."

'याचं डोकं नापीक,' आईने लिहिलं.

चार रकान्यांचा लेख असा आठ ओळींत आटोपला. लेक कळवळला, "आई, अगं माझी शैली..."

"तुझ्या शैलीपायी तर दहा वर्षांत तुमचं भांडण कुणाला कळलं नाही."

रविवारी पेपर हातोहात खपला. न्हाव्यालासुद्धा आठही ओळी पाठ. सोमवारी सकाळी वैरी दारात हजर.

"हे तू लिहिलेलं नाहीस," तो लेकाला म्हणाला. "इतकं नेमकं तुला जमायचं नाही. मला चोर म्हणालं कोण?"

"मी," आई म्हणाली. "नाहीस का?"

वैऱ्याने तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. आईने घेतला. "हो, मीच लिहिलं... दर रविवारी लिहू? ... आणि या दोघांचं? ... बरं, सांगते त्यांना."

तिने फोन ठेवला. "संपादक होते. म्हणतात, आता पेपरात जागा नाही. तुम्ही दोघं जरा विश्रांती घ्या."

वैरी मटकन लेकाशेजारी बसला.

"संपादकाला साहित्यातलं काय कळतं?" वैरी पुटपुटला.

"काडीचंही नाही," लेक म्हणाला. दहा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच पटलं.

"निषेधाचं पत्र पाठवू. तू सांग, मी लिहितो. तुझी भाषा भारदस्त आहे."

"तुझ्याइतकी नाही रे."

आई स्वयंपाकघरात गेली. बाहेर आवाज चढत होते. भांडण नव्हतं, एकमेकांच्या वाक्यांना दाद चालली होती. आईने दार लोटून घेतलं. तिला लिहायचं होतं.